आता काय टाकू?

इंदुताईंना एक खोड होती. काम कुठलंही असो, त्या स्वतःलाच प्रश्न विचारत बसायच्या. झाडताना "आता कुठं राहिलं?", रांधताना "आता काय टाकू?" या प्रश्नांना उत्तर द्यायचं नसतं, हे अच्युतराव लग्नानंतर दोन वर्षांनी शिकले. शेजारच्या निलम्माअक्कांना मात्र ते कोण सांगणार? त्या महिन्यापूर्वीच कानडी मुलखातून संतपूरला लेकीकडे राहायला आल्या होत्या. मराठीचा एक शब्द त्यांना कळत नव्हता.

गावात मुलींचा वर्ग निघणार होता आणि तिथली शिकवणाऱ्या बाईची जागा इंदुताईंना हवी होती. अगदी मनापासून हवी होती. शाळांचे तपासनीस गुरुलिंगप्पा दुसऱ्या दिवशी येणार होते. बाईला मुलींसाठी टिकाऊ खाऊ करता आला पाहिजे, असा त्यांचा हट्ट. इंदुताईंनी मासिकातून विलायती न्याहारीचा प्रकार काढला. ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे, तीळ, जवस, वर गुळाचा पाक, आणि मंद आचेवर भाजणं. दाताखाली कुरकुर वाजली पाहिजे, असं त्यात बजावून लिहिलं होतं.

लाह्या फोडायला निलम्मा कढई घेऊन आल्या. लाह्या झाल्या, दाणे भाजले. इंदुताई कपाळाला बोट लावून म्हणाल्या, "आता काय टाकू?"

निलम्मांनी चमकून पाहिलं, घरी गेल्या आणि नारळ घेऊन आल्या. फोडला, एक वाटी खोवून कढईत टाकली.

इंदुताई बघतच राहिल्या. माजघरात जाऊन नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, अक्का ओलं खोबरं कामून टाकायल्यात?"

"तिकडची रीत असंल. इचारू नको, वाईट वाटंल त्यांना."

इंदुताईंनी विचारलं नाही. तीळ परतले, पाक ओतला. "बरं, आता काय टाकू?"

दुसरी वाटी पडली. निलम्मांनाही नवल वाटत होतं. या मराठी बाईला खोबऱ्याची एवढी कसली आवड? पण घर तिचं, खाणं तिचं. आणखी हवं का, याची खात्री करून घ्यावी म्हणून त्यांनी आपल्या भाषेत विचारलं, "इन्नू काय?"

"तेच तर म्हणायले मी. काय?"

निलम्मा दुसरा नारळ आणायला गेल्या.

मिश्रण ओलं झालं. इंदुताईंनी आणखी भाजलं, लाह्या वाढवल्या, आणि घाबरून आणखी चारदा तोच प्रश्न विचारला. शेजारघरचे नारळ संपले तेव्हा कुठे खाऊ पुरा झाला.

दुसऱ्या दिवशी गुरुलिंगप्पांनी घास घेतला. सगळे कान देऊन बसले होते. आवाज काही आला नाही.

"मऊ आहे," ते म्हणाले. "यात काय आहे?"

दारातून निलम्मांनी अभिमानानं मान हलवली. "काय."

"तेच विचारतोय, काय?"

"काय," निलम्मा ठासून म्हणाल्या आणि हातानं खोवून दाखवलं.

गुलबर्ग्याकडचे गुरुलिंगप्पा दोन्ही भाषांत वाढलेले. त्यांना ठसकाच लागला. पाणी पिऊन त्यांनी काल खाऊ करताना काय बोलणं झालं ते इंदुताईंना विचारून घेतलं आणि म्हणाले, "अहो बाई, कानडीत काय म्हणजे नारळ. आणि हाकू म्हणजे टाक. तुम्ही काय टाकू म्हणालात, त्यांनी नारळ टाक असं ऐकलं."

इंदुताईंचा चेहरा पडला. "मग खाऊ?"

"खाऊ नापास."

इंदुताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. गुरुलिंगप्पा वहीत बराच वेळ लिहीत होते. मग म्हणाले, "या वर्गात निम्म्या मुली कानडी बोलणाऱ्या आहेत. एकमेकींचं एक अक्षर कळत नसताना तुम्ही दोघींनी दिवसभर एका कढईत काम केलंत, आणि तंटा झाला नाही. अशी बाई मला कुठं मिळायची? जागा तुमची. पण तीन महिन्यांत कानडी शिका."

हे सगळं त्यांनी मराठीत सांगितलं. निलम्मांना सांगायचं मात्र कोणालाच सुचलं नाही.

साहेब गेले. इंदुताईंना आनंदानं काही सुचेना. त्यांनी निलम्मांचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "अक्का, आता काय हो?"

निलम्मांनी निमूटपणे हात सोडवून घेतले, पदर खोचला, आणि नारळ मागायला पलीकडच्या घरी गेल्या.