दोन मीटरचा डोमाजी

दोन हजार सोळा साल. मी चौसष्ट वर्षांचा होतो. त्या वर्षी आमच्या सावली गावात डोमाजी टेलरनं उरलेल्या गरमीवरून बायकोशी भांडण केलं.

झालं असं. गिऱ्हाइकाच्या पँटीवर इस्त्री मारून त्यानं बटन बंद केलं. इस्त्री तापलेलीच होती. सखूवहिनीनं ती उचलली आणि आपल्या लुगड्यावर फिरवायला घेतली. डोमाजी ओरडला, "ठेव! ते दुकानची गरमी होय!"

"आवो, फुकटच थंडी होऊन राह्यली ना!"

"होऊ दे. दुकानात थंडी होईन."

"मंग आज जेवाले दुकानातच बसा. भात घरच्या चुलीवरचा होय."

मी बाजूच्याच ओट्यावर बसलेलो. हसून हसून खोकला लागला.

डोमाजीच्या सगळ्या मिळून दोन खोल्या. पुढं रस्त्यावर दुकान, मागं घर. शिलाई मशीनला मोटर बसवली ती आधी घरच्याच लायनीवर चालायची. एक दिवस तपासणीवाला साहेब आला आणि साऱ्या गल्लीसमोर बोलला, "घरच्या विजेवर धंदा करता? ही चोरी आहे." ज्यानं कुणाच्या कापडाची चिंधीसुद्धा ठेवून घेतली नाही, त्याला हे ऐकावं लागलं. डोमाजी त्या दिवशी जेवला नाही. मग त्यानं दुकानाचा वेगळा मीटर घेतला आणि तेव्हापासून एकच पालुपद धरलं, "घर घराच्या जागी, दुकान दुकानाच्या जागी."

मधल्या भिंतीत खिडकीएवढं भोक होतं. वीज नव्हती तेव्हा तिथं कंदील ठेवायचे, म्हणजे इकडं शिलाई आणि तिकडं स्वयंपाक, दोन्ही एकाच उजेडात. त्या भोकावर डोमाजीनं पोतं ठोकलं.

"दुकानचा उजेड घरात जाऊन राह्यला, भाऊ."

"अन् हवा रे? दुकानची हवा छातीत भरून घरात जातंस, ते?"

त्यानं खरंच विचार केला. "हवेले मीटर नाई," म्हणाला.

मी चौथीतून शाळा सोडलेला माणूस, पण वाद सोडत नाही. मी म्हटलं, "कोळशाची इस्त्री आठवते का? वैनी चुलीतले निखारे चिमट्यानं आणून तुया इस्त्रीत भरे. तवा घरची आग दुकानात चालली, तेचं काय?"

"तवा मीटर नव्हता," एवढं म्हणून त्यानं मशीन सोडली खडखड. मला मात्र ती इस्त्री दिसतच राहिली. वहिनी फुंकर मारायची, राख डोमाजीच्या मिशांवर उडायची आणि दोघं हसायचे.

दारांचंही तसंच. गिऱ्हाइकानं पुढून यायचं, घरच्या माणसानं बोळीतून, मागच्या दारानं. एकदा मी सदऱ्याचं कापड घेऊन मागून गेलो, तर म्हणतो, "भाऊ, कापड आणलं त पुढून या." मी हटलो नाही. तिथंच बसून वहिनीच्या हातचा चहा प्यायलो आणि कापड परत घेऊन आलो. ते कापड तसंच पेटीत पडून राहिलं. मी काय कमी आहे का?

मागच्या हिवाळ्यात सखूवहिनी गेली. डोमाजी दुकानातच जेवू लागला, दुकानातच निजू लागला. मागचं दार कुणी उघडेना.

मग गडचिरोलीहून त्याची पोरगी मंदा आली. माझ्याकडं येऊन म्हणाली, "काकाजी, घरच्या मीटरचा आकडा हालूनच नाई राह्यला. खोली अशी खाली, रिकामी ठेवून काय करतेत बाबा? किरायानं देऊन टाका म्हना. उद्या सकाळी एक जन पाहाले येते. माहं ऐकत नाई, तुमचं ऐकतीन."

पोरीचं खोटं नव्हतं. दिवेलागणीला मी पुढच्या दारानं गेलो.

दुकानातला बल्ब बंद होता आणि मशीन चालू होती. उजेड भिंतीतल्या भोकातून येऊन बरोबर सुईवर पडत होता. पोतं काढून टाकलेलं. मी वाकून पाहिलं. घरातला बल्ब लागलेला, रिकाम्या खाटेवर पंखा फिरत होता आणि वळणीवर वहिनीचं लुगडं हलत होतं.

"काऊन डोमाजी? घरच्या उजेडात धंदा? हे चोरी नाई का?"

त्यानं मान वर केली नाही. "चोरी कायची, भाऊ? पह्यले निखारे देत होती. आता उजेड देऊन राह्यली."

मशीन थोडी चालली, मग थांबली.

"मंदा म्हनते आकडा हालत नाई. पाहून या तुमी. हालून राह्यला."

जे सांगायला गेलो होतो ते न सांगताच मी परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेटीतून ते सदऱ्याचं कापड काढलं, बोळीतून गेलो आणि मागचं दार बडवलं. पुढून या, असं तो म्हणाला नाही. कडी काढायला त्याला जरा वेळ लागला, गंजली होती. मंदा त्या माणसाला घेऊन आली तेव्हा मी पंख्याखाली खाटेवर बसून डोमाजीनं केलेला पांचट चहा पीत होतो.

"खोली खाली नाई," मी सांगितलं.