स्वयंपाकघरातली सायकल

घाट चढण्याआधी घाटाला नोटीस देणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिलाय. नाशिकहून पेठला निघालेल्या एसटीच्या खिडकीतून पाहिलाय. सावळघाटाच्या पायथ्याशी त्यानं सायकल थांबवली, एक पाय खाली टेकवला आणि समोरच्या जंगलाला खणखणीत आवाजात सांगितलं, "मोजणी सुरू होतेय! लगतच्या कब्जेदारांनी हजर राहावं!" हजर कोण राहणार? माकडं. ती राहिली.

हा निकम. आमच्या गल्लीत समोरच्या बिल्डिंगमध्ये मुलगा-सुनेजवळ राहतो. जन्मभर सरकारी मोजणीदार होता. लोकांच्या बांधांवरून साखळ्या ओढून ओढून रिटायर झाला, खोड मात्र रिटायर झाली नाही. वय अडुसष्ट. अंगाला चिकटलेला पिवळाधमक टी-शर्ट, खाली घट्ट चड्डी, डोक्यावर गांधी टोपी आणि टोपीवर हेल्मेट. टोपी काढा म्हटलं तर म्हणतो, "हेल्मेट पडल्यावर लागतं. टोपी न पडताही लागते."

मीही रिटायर, एसटीचा ड्रायव्हर. सातवी शिकलो आणि तीस वर्षं त्याच घाटानं गाडी हाकली. घाट मला पाठ आहे असं एकदा बोललो आणि फसलो.

"वळणं किती?" निकमनं विचारलं.

"कोण मोजतंय? वळण आलं की स्टेअरिंग फिरवायचं."

"मोजल्याशिवाय बोलू नये, नाना."

हे त्याचं पालुपद. लग्नात माणसं लय होती म्हणा, नाहीतर भाजीत मीठ जास्त झालं म्हणा, तो तेच म्हणणार. दुसऱ्या दिवशी घाट मोजून आला. तिसऱ्या दिवशी परत गेला, कारण चढताना जेवढी वळणं भरली त्यापेक्षा उतरताना एक जास्त भरलं होतं. त्या एका वळणापायी आठवडाभर माणूस नीट जेवला नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी मंडळी गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. मी दार लावून पडून असायचो. मुलगी सुरतेहून फोन करायची, तो वाजून वाजून बंद व्हायचा. महिनाभरानं एका सकाळी दार वाजलं. बाहेर निकम, हातात सायकल. चोरासारखा इकडंतिकडं बघत होता.

"नाना, घोटाळा झालाय. आमच्या पोरानं, संदीपनं, घाट बंद केला माझा. म्हणतो, या वयात पडलात म्हणजे? सायकल परत दिसली तर भंगारात घालीन म्हणालाय. तुमच्याकडं ठेवा."

"ठेवा अंगणात."

"अंगण त्याच्या गॅलरीतनं दिसतं. आत पाहिजे. स्वयंपाकघरात."

"तिथं ओट्यापाशी मंडळी बसायची भाकरी थापायला," मी म्हटलं.

"माहीत आहे," तो म्हणाला आणि सायकल उचलून सरळ आत गेला. खिशातून टेप काढला, जागा मोजली, सायकल भिंतीला लावली. वर मलाच म्हणाला, "दोन बोटं जागा उरतेय."

तेव्हापासून माझ्या घराचा डेपो झाला. रोज पहाटे पाचला दार वाजणार. चोरीचा मामला, तेव्हा मी उठलंच पाहिजे. हा टायरची हवा बघणार, मी बॅटरी धरणार. हा बाटली शोधणार, मी ती भरणार. वर चहा पाहिजे, तोही आल्याचा. घाटात आल्याशिवाय दम लागतो म्हणे! दहा-अकराला परत आला की सायकल पुसायची, आणि कुठल्या वळणावर दरड पडलीय, कुठं वनखात्यानं नवी पाटी लावलीय, सगळा पाढा मी ऐकायचा. मंडळीनं तीस वर्षांत मला एवढं राबवलं नव्हतं.

एकदा मी मुद्दाम दार उघडलं नाही. तर हा बाहेर उभा राहून अर्धा तास कुजबुजत होता, "नाना, ओ नाना, आवाज करू नका, मी आहे." शेवटी शेजारच्या वहिनी ओरडल्या, "नाना, उघडा हो त्या चोराला, नाहीतर मी उठून उघडते!" चोरी इतकी गुपचूप चालायची की गल्लीतल्या कुत्र्यांनाही ठाऊक होती. एकट्या संदीपला पत्ता नव्हता. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. स्टेअरिंग सुटल्यापासून मागं काय चाललंय ते आरशात बघायची सवय मोडलीय माझी.

दिवाळीनंतर एक दिवस निकमच्या नंबरवरून फोन आला. बाईचा आवाज.

"तुमचा पिवळा म्हातारा हितं पडलाय."

तिचं घर घाटाच्या वरच्या अंगाला, रस्त्याकडेला. झालं असं की तिनं डांबरी रस्त्यावर उडीद पसरला होता. तिकडं तसंच करतात. गाड्या वरून जातात, शेंगा फुटतात, फुकटात मळणी होते. निकमनं उडीद बघितला, खाली उतरला, पायातले बूट काढले, सायकल खांद्यावर घेतली आणि कडेच्या खडीवरून निघाला. बाई बोंबलतेय, "बाबा, वरून जा ना! मळायलाच टाकलाय!" आणि हा, "अन्नावरून चाक नेत नसतात, माय!" असं म्हणत अनवाणी पायानं चरात. जन्मभर शेतं मोजली, पण खळं आता रस्त्यावर आलंय हे त्याच्या नकाशात नव्हतं.

हासळीचं हाड मोडलं. सायकलीला ओरखडा नाही. बाईनं दोघांना एका पिकअपमध्ये घालून नाशिकला धाडलं.

संदीपला फोन मीच केला. लपवून चालणार नव्हतं. पण दवाखान्यात जाताना रिक्षात डोक्यात एकच होतं. आता सायकल जाणार भंगारात आणि निकम बसणार घरात. बसून बसून माणूस कसा वाळतो ते मला कोणी सांगायला नको होतं. संदीप व्हरांड्यात भेटला तसे मी हात जोडले.

"पोरा, चूक माझी हाय. सायकल मी लपवली. मला काय बोलायचं ते बोल, पण ती भंगारात घालू नको. घाट बंद केलास तर तुझा बाप टिकायचा नाय."

संदीपनं माझे जोडलेले हात खाली घेतले.

"काका, भंगारात कशाला घालीन? ती मीच आणून दिलीय त्यांना. आई गेली तेव्हा बाबा आठ महिने पलंगावरून उठत नव्हते. तेव्हा आणली. खाली पार्किंगमध्ये तिच्यासाठी हूक ठोकलेत, कुलूप आहे. तुमच्याकडं का ठेवतात विचारलं तर म्हणाले, नानांच्या स्वयंपाकघरातली हवा सायकलीला मानवते."

मी चपला दाराशी काढल्या. मग आत गेलो.

निकम पाठीवर पडला होता, हात गळ्यात बांधलेला. मला बघताच त्यानं दाराकडं नजर टाकली आणि आवाज बारीक केला.

"संदीपला कळलं का हो, सायकल तुमच्याकडं असते ते?"

खरं काय ते माझ्या ओठांवर आलं होतं. गिळलं.

"नाय," मी म्हटलं. "कुणाला पत्ता नाय."

"बरं झालं." त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोपला. मग म्हणाला, "नाना, आता दीड-दोन महिने ती उभी राहणार. चेन रोज पुसावी लागेल."

"पुसीन."

"पहाटे पाचला. उशीर केला तर दव बसतं तिच्यावर."

स्वयंपाकघरात, ओट्यापाशी, खिडकी लावलेली. कसलं दव अन् काय!

"बरं," मी म्हटलं. "पाचला उठतो."