मिटलेले त्रिकोण

मारुतराव साटवलकरांनी 'प्रकाशित करा' हे बटण दाबलं आणि स्वयंपाकघराच्या दिशेने आवाज दिला, "अगं, चहा टाक. कुलवृत्तांत जगासमोर गेला!"

"जगाला हवा होता का?" मंजुळाबाईंनी आतून विचारलं.

जगाचं सोडा, साटवलकरांनाही नको होता. घराण्याची माहिती गोळा करायला मारुतराव तीन वर्षं भावकीच्या मागे लागले होते. फोन केला तर कुणी उचलत नसे, ग्रुपवर विचारलं तर फुलांचे फोटो येत. रविवारी डोंबिवलीत कुलसंमेलन होतं आणि वृत्तांत अजून अर्धा रिकामा होता. आता सगळे मिळून आपली टर उडवणार, या धास्तीने त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं.

सगळ्या नोंदी लॅपटॉपवरच्या टिपणांच्या सॉफ्टवेअरमध्ये होत्या. पणजोबा, त्यांच्याखाली मुलं, मुलांखाली नातवंडं. नावापुढे एक बारीक त्रिकोण; दाबला की खालचा मजकूर उघडायचा, पुन्हा दाबला की मिटायचा. तिथे मारुतराव स्वतःपुरते खासगी शेरे लिहून ठेवत. वेबपान करण्याआधी त्यांनी एकूण एक त्रिकोण मिटवला आणि लिंक भावकीच्या ग्रुपवर टाकली. त्यांची उभी नोकरी पार्सल ऑफिसात गेलेली. बंद म्हणजे सीलबंद, अशीच त्यांची समजूत होती.

चहाच्या आधी मुलीचा, शिवानीचा फोन आला. ती घोडबंदर रोडला ट्रॅफिकमध्ये अडकली होती, त्यामुळे पान तिने अगदी निवांत वाचलं होतं.

"बाबा, काय केलंस हे? सगळं उघडं दिसतंय!"

"छे! मी मिटवलंय."

"ते तुझ्या स्क्रीनवर रे. ऐक. 'काळुराम, विठ्ठलवाडी. देवघरातली पितळी समई नेली. परत मागितली की याला ऐकू येत नाही.'"

मारुतरावांना घाम फुटला. काळुराम म्हणजे थोरला चुलतभाऊ आणि संमेलनाचा अध्यक्ष. तो बिथरला तर निम्मी भावकी येणार नव्हती. त्यांनी घाईघाईने ग्रुपवरची लिंक पुसली.

"तू फक्त तुझ्या फोनवरून पुसलीस," शिवानी म्हणाली. "बाकी सगळ्यांकडे आहे ती."

मारुतराव गोंधळले की टिपण काढत. त्यांनी काळुरामच्या नावाखालीच टाइप केलं, 'काय थाप मारावी? मंजुळाने लिहिलं, असं सांगावं.'

"बाबा, पान आपोआप अपडेट होतं!" शिवानी किंचाळली. "आता थापही आली. आईला कशाला मध्ये घेतोस?"

मंजुळाबाई चहा घेऊन मागेच उभ्या होत्या. त्यांनी स्क्रीन वाचला, कप ठेवला आणि त्या आत गेल्या.

तेवढ्यात काळुरामचा फोन आला.

"मारत्या! ऐकू येतं मला, चांगलं येतं! समई बरी लिहिलीस. माझी दोन नातवंडं कुठे गेली? घे, त्यांची नावं घाल. आणि त्या दगडूने आंबा परस्पर तोडला, ते नाय दिसलं तुला? तेपण घाल."

मग दगडूचा फोन आला. आंब्याचा खुलासा करता करता त्याने आपल्या तिन्ही मुलांचे जन्म, लग्नं आणि भावकीतल्याच आनंदाच्या विहिरीचं प्रकरण सांगून टाकलं. मग त्या आनंदाने फोन करून आणखी दोघांचं सांगितलं. वैशालीवहिनी तर चिडल्याच होत्या. "आमच्याखाली नुसती जन्मतारीख? आम्ही काय कुणाचं कधी वाकडं केलंच नाही?"

तीन वर्षं रिकाम्या राहिलेल्या जागा शनिवारपर्यंत काठोकाठ भरल्या.

रविवारी सकाळी मंजुळाबाईंनी सहज विचारलं, "अहो, तो त्रिकोण उघडून लिहायचं कसं?" बायकोने प्रथमच आपल्या कामात रस घेतला म्हणून मारुतरावांनी हौसेने शिकवलं.

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या. "मी येतेच."

हॉल खचाखच भरला होता. काळुरामने कुणाकडेही न बघता पिशवीतून समई काढली, मंचावर ठेवली आणि स्वतःच पेटवली. मारुतरावांना भरून आलं. ते डोळे पुसत बोलायला उभे राहिले, तोच मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग पुढची रांग हसली. सगळे मोबाइलमध्ये बघत होते आणि मग त्यांच्याकडे.

"शिवानी, काय झालं गं?"

शिवानीने फोन पुढे केला. 'मारुती' या नावाखाली पहिली ओळ होती, 'थाप मारताना बायकोला पुढे करतो.' दुसरी होती, 'घोरतो आणि सकाळी नाही म्हणतो.' ते वाचत असतानाच तिसरी उमटली, मग चौथी.

मंजुळाबाई अजून घरीच होत्या.