पत्त्यात मार खाणारा पहिलवान

दत्ताभाऊ कोरडे नुसतं एक बोट वर करून भरलेली बस गप्प करत. आमची कंपनीची बस सकाळी क्रांती चौकातून वाळूजला निघायची. नगर नाका ओलांडला की ड्रायव्हर शकीलभाई न सांगता दत्ताभाऊंची कॅसेट लावायचे आणि ते गाणं सुरू व्हायचं. पाठीला टॉवेल बांधलेला एक उडता पहिलवान लोकांना वाचवायला निघतो आणि दर वेळी चुकीच्या गच्चीवर उतरतो. मग तिथली बाई त्याला पापड राखायला बसवते. असलं ते गाणं. मध्येच गाण्यातली गर्दी 'बचाओ, बचाओ' ओरडायची, तेव्हा दत्ताभाऊंचं बोट वर जायचं. गर्दी थांबली की बोट खाली.

"व्हय, चालू द्या तुमचं," ते म्हणायचे, आणि आमच्या गप्पा तुटल्या तिथून पुढं सुरू व्हायच्या.

दत्ताभाऊ डिस्पॅच खात्यात. कपाळाला अष्टगंध, खिशात कंगवा. गाण्याचे शौकीन म्हणावं तर दुसरं एक गाणं त्यांना धड ओळखता यायचं नाही. पहिलवानाबद्दल मात्र ते साडूबद्दल बोलावं तसं बोलत.

"मानूस लई चांगला हाय, फक्त पत्त्यात मार खातो. उडता येतंय ना? मग खाली उतरून इचारायला काय होतं? आमच्या डिस्पॅचला पाठवा त्याला. गल्ली, खूण, पिनकोड, सगळं पाठ करून घेतो."

माझ्या घरच्या सत्यनारायणाला स्पीकरची जबाबदारी त्यांनी हौसेनं घेतली, तिथंच मी फसलो. पोथीतली नाव बुडायला आणि स्पीकरवरची गर्दी 'बचाओ' म्हणून ओरडायला एकच गाठ पडली. गुरुजी भडकले, बायको आठवडाभर माझ्याशी नीट बोलली नाही आणि दत्ताभाऊ दोनदा प्रसाद घेऊन गेले.

पुढं कंपनीनं नवी बस घेतली. तिच्यात कॅसेट लावायची सोयच नव्हती. दत्ताभाऊ खिडकीकडं तोंड करून बसू लागले. एरवी ज्या बोटाला आम्ही वैतागायचो, ते दिसेना तर करमेना. शेवटी मीच मोबाईलवर ते गाणं शोधून काढलं. कुणीतरी नव्यानं केलेलं होतं, ढोल वाढवून. दत्ताभाऊ सावरून बसले, बोट वर गेलं. पण गर्दीची जागा आली आणि नुसतेच ढोल वाजले.

"ह्यात मानसं नायत," ते म्हणाले.

"गाणं तर तेच आहे की."

"गाण्याला काय करायचंय हो मला? त्या मानसांत आपला सुऱ्या हाय."

सुरेश त्यांचा धाकटा भाऊ. गायक व्हायचं म्हणून बिडकीनहून मुंबईला पळून गेला. एकदाच त्यानं गावातल्या एसटीडीवर फोन केला होता. कोरसमध्ये उभं राहायचं काम मिळालंय, अमुक गाण्यात मी ओरडलोय, ऐका, असं दत्ताभाऊंना सांगितलं. त्यानंतर ना फोन, ना माणूस. दत्ताभाऊंनी मुंबईला खेटे घालून पाहिले, पत्ता लागला नाही. घरात त्याचा फोटो होता, आवाज तेवढा ह्या कॅसेटमध्ये, आणि तोही वाचवा म्हणून ओरडणारा. इतक्या वर्षांत त्या पहिलवानाचा मला पहिल्यांदाच राग आला.

"आईंना ऐकवलंत?"

"नाय. धीर नाय झाला. तिनं ह्यो सुऱ्या नाय म्हनलं तर माझ्यापाशी काय ऱ्हातं?"

पण फीत घासत आली होती आणि आईही थकत चालली होती. गुलमंडीजवळच्या एका रेडिओवाल्याकडून आम्ही जुनं गाणं मोबाईलमध्ये उतरवून घेतलं. रविवारी बिडकीनला गेलो. मी सोबत यावं असं त्यांनी तोंडानं म्हटलं नाही, पण माझ्या दारात गाडी लावून उभे राहिले.

आई ओसरीवर लसूण सोलत होत्या. दत्ताभाऊंनी फोन त्यांच्या कानाशी धरला. गर्दी ओरडायला लागली तसं दत्ताभाऊंचं बोट वर गेलं.

"आई, ह्ये बघ. मधला आवाज. सुऱ्या."

आईंनी गाणं संपेपर्यंत ऐकलं. मग मान हलवली.

"नाय रं दत्ता. आपल्या सुऱ्याचा गळा असा नव्हता."

"बरं," दत्ताभाऊ म्हणाले. फोन बंद करायचा होता, पण त्यांना बटण सापडेना. मी पुढं व्हावं की नाही, मलाही कळेना. तेवढ्यात आईंनी लसणाचं ताट बाजूला सारलं आणि त्यांचं मनगट धरलं.

"ठिवतो कशाला? लाव अजून एकदा. कुनाचं तरी लेकरू वरडू राह्यलं ना ते."

दत्ताभाऊंनी गाणं पुन्हा लावलं, आणि आम्ही तिघं ऐकत बसलो.