टेंभेकरांचा कढत चहा

टेंभेकरांच्या घरात चहा फुंकून पिणाऱ्याला पुरुषांत धरत नसत. बाहत्तर साली श्यामकांत टेंभेकर बदली होऊन साताऱ्याहून कलकत्त्याला आले, ते हा बाणा घेऊनच. सियालदहजवळच्या त्यांच्या कचेरीत मित्रबाबू नावाच्या सहकाऱ्याने एकदा पैज लावली आणि श्यामकांतांनी उकळता चहा खुरीतून, म्हणजे तिथल्या मातीच्या पेल्यातून, तीन घोटांत संपवला. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून श्यामकांतांचा घास छातीत अडकू लागला.

बायकोला, सरलाला, सांगायची सोय नव्हती, पैजेचं कळलं असतं तर तिने सोलून काढलं असतं. ते निमूटपणे पोळी पाण्याबरोबर ढकलू लागले, मग ताटात टाकू लागले. सरलाला वाटलं, आपल्या हाताची चव गेली. तिने तिखट वाढवलं. चौथ्या दिवशी जेवताना त्यांना असा ठसका लागला की सरलाने हात धरून डॉक्टरांकडे नेलं.

"रोज इतका गरम चहा?" बंगाली डॉक्टरांनी हिंदीत विचारलं. "वर्षानुवर्षं अन्ननलिका अशी भाजत राहिली, तर कॅन्सरचं भय असतं. एक्स-रे काढू या."

रिपोर्टला आठ दिवस होते. श्यामकांतांना वडील आठवले. आबांना शेवटी पाणीसुद्धा उतरत नव्हतं, आणि घरचे म्हणत, कुणीतरी करणी केली. घाबरून त्यांनी साताऱ्याला थोरल्या भावाला, रघुनाथरावांना, पत्र टाकलं: 'मला आबांसारखंच झालंय. भेटून जा.'

रिपोर्ट चांगला आला. नुसतं भाजलं होतं. त्या आनंदात दुसरं पत्र टाकायचं राहून गेलं, आणि दोन दिवसांनी रघुनाथराव वळकटी घेऊन दारात उभे राहिले.

"तू तर ठणठणीत दिसतोस!"

"चुकलंच माझं, दादा. भाजलं होतं फक्त."

"गाडीत सबंध वाट मी रडत आलो रे, गाढवा!"

सरलाने लगबगीने पोहे केले. रघुनाथरावांनी दोन घास खाल्ले, वर पाणी प्यायलं आणि बशी बाजूला सारली.

"घ्या ना, भावोजी. प्रवासात उपाशीच असाल."

"उतरत नाही गं. तीन महिने झाले, पातळच घेतो. वय झालं, दुसरं काय! तू आपला चहा टाक. चांगला कढत."

सरला नवऱ्याकडे बघत राहिली. श्यामकांत उठले आणि भावाच्या वहाणा त्याच्या पायांशी आणून ठेवल्या.

"चल, दादा. डॉक्टरांकडे."

"अरे, मी तुला बघायला आलोय!"

"बरं झालं आलास," श्यामकांत म्हणाले.