डेलियाच्या अकरा गड्ड्यांवर गुदरलेल्या प्रसंगाची हकीकत

पुढिलांस दाखला राहावा आणि मागिलांनीं केली चूक कोणी फिरोन न करावी, याकारणें रायपूर शहरीं डेलियाच्या गड्ड्यांवर जो प्रसंग गुदरला, तो जैसा घडला तैसा लिहिला असे. लिहितां धन्याची भीड धरिली नाहीं.

राजश्री देवीदासराव मेश्राम, सिलतऱ्याच्या पोलाद कारखान्यांतून निवृत्त, यांच्या गच्चीवर अकरा कुंड्यांत जांभळट लाल डेलिया हिवाळाभर फुले. मूळ गड्डा त्यांचें कुटुंब सत्यभामाबाई यांची बहीण मीराबाई, अभनपूरवाली, हिनें दिधला होता. आणि मीराबाई दोन वर्षांमागें वारली, म्हणोन त्या फुलांस घरांत निराळाच मान होता.

वैशाखीं पाला वाळला, आणि गड्डे काढोन पावसाळा सरेतों जपावे ऐसी वेळ आली. सत्यभामाबाईंनीं मसलत दिधली कीं सावलींत सुकवावे आणि कोरड्या रेतींत पुरोन ठेवावे, मीरा तैसेंच करी. परंतु रावसाहेबांनीं मोबाइलावर एक व्हिडिओ पाहिला होता, तोही अर्धाच. मग आपणांस सर्व इल्म प्राप्त जाहला ऐसें वाटोन त्यांनीं गड्डे नळाखालीं धुतले, आणि ओलेच प्लास्टिकच्या पिशव्यांत घालोन, तोंडें आवळोन, दिवाणाखालीं कैद केले, आणि पांच महिने त्या कैद्यांची खबर घेतली नाहीं.

आश्विनांत खासा स्वारी दिवाणाखालीं गेली. पहिली पिशवी उघडतांच ऐसा दर्प सुटला कीं कन्या पायल ओढणी नाकास लावोन, "पापा, ये क्या सड़ गया," म्हणोन बाहेर निघोन गेली. दहा गड्ड्यांचा चिखल जाहला. एक मात्र, पिशवीस भोंक होतें म्हणोन, हवा लागोन वांचला. सत्यभामाबाई रिकाम्या पिशव्या धुवोन दोरीवर वाळत घालूं लागल्या. तें पाहोन रावसाहेबांस वाटलें कीं बाई शिव्या देत्या तर बरें होतें.

मग इभ्रत राखावी म्हणोन त्यांनीं सुरी उपसली, आणि उरल्या एका गड्ड्याच्या पांच कुंड्या करूं ऐसा डौल धरिला. गड्ड्याचा कायदा ऐसा कीं कंद कितीही पुष्ट असो, देठाजवळील मानेवर डोळा, म्हणजे कोंबाची बारीक गांठ, असेल तरच तो रुजे. रावसाहेबांनीं पोट पाहोन वार केले आणि मान पाहिलीच नाहीं. दोन जाडे कंद सुटले, दोन्ही आंधळे. तिसऱ्या वेळीं सुरी उचलिली आणि हात थांबला. छत्तीस वर्षांच्या संसारांत जो शब्द त्या मुखांतून निघाला नव्हता, तो निघाला.

"पायलची माय, माह्यं चुकलं. आता तूच काप."

बाई जवळ बसल्या आणि चष्मा लावोन गड्डा फिरवूं लागल्या.

"मीरा असती तं लय हसली असती तुमच्यावर," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या, आणि मग पदरानें डोळे पुसले.

त्याउपरी त्यांनीं गड्ड्याचे डोळे मोजोन तीन वांटे केले, कापल्या जागीं राख चोळिली, दोन दिवस सावलींत सुकविले, आणि कुंड्यांत मान वर ठेवोन किंचित दमट मातींत लाविले. हुकूम जाहला कीं कोंब दिसेतों पाण्याचा थेंब पडूं नये. रावसाहेब रोज सकाळीं झारी घेवोन गच्चीकडे कूच करीत आणि रोज जिन्यांतूनच माघारी फिरविले जात. तरी एक वांटा सडलाच. सोळाव्या दिवशीं एका कुंडींत हिरवी टोंच दिसली, अठराव्या दिवशीं दुसरींत.

येणेंप्रमाणें अकरांपैकीं एक गड्डा राखोन, त्याच्या दोन कुंड्या होवोन, फत्ते जाहली. शेजारी शंकरराव पाहावयास आले आणि पुसते जाहले कीं ही करामत कोणाची. रावसाहेबांचा हात मिशीकडे गेला, वाटेंत थांबला, आणि खालीं आला.

"हिची," ते बोलिले. "म्या तं फक्त सडवले."

हें शब्दशः लिहोन घेतलें, आणि खालीं सत्यभामाबाईंची साक्ष पडली असे.