अपेक्षित निष्कर्ष : माहीत नाही

संशोधनासाठी अनुदान मागायच्या अर्जात ‘अपेक्षित निष्कर्ष’ असा एक रकाना असतो. आमच्या कॉलेजातले बाकीचे प्राध्यापक तिथे देशाचं कल्याण करून मोकळे होतात. भोईर मॅडम लिहितात, ‘माहीत नाही. माहीत असतं तर पैसे कशाला मागितले असते?’

उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजात मॅडम वनस्पतिशास्त्र शिकवतात, मी मराठी. भाषेचा माणूस म्हणून सगळ्यांचे अर्ज तिखटमीठ लावायला माझ्याकडे येतात. मॅडमचाही येतो आणि दरवर्षी माझं डोकं उठवतो. बदलापूरच्या जुन्या जांभळांना एकाच वाडीत मागेपुढे बहर का येतो, हे त्यांना शोधायचंय. विषय उत्तम. पण ‘मर्यादा’ या मथळ्याखाली बाई दोन पानं भरतात. त्यात माकडं येतात, बिल्डर येतात, त्यांचा स्वतःचा दुखरा गुडघासुद्धा येतो.

“अहो मॅडम, गुडघा कशाला?”

“झाडावर चढायचंय ना सर. खोटं कशाला बोला?”

हे त्यांचं पालुपद. ते आलं की मी पेन खाली ठेवतो, कारण पुढे ब्रह्मदेव आला तरी वाक्य बदलत नाही. मागे एका सहकाऱ्याच्या मुलाची चौकशी करायला मुलीकडचे आले, तर मॅडमनी गुण सांगितले आणि न विचारता दोषही सांगितले. लग्न झालं. मॅडमना आमंत्रण आलं नाही.

कॉलेजबाहेरचा सिंधी झेरॉक्सवाला त्यांचा अर्ज छापता छापता वाचतो. एकदा त्याला राहवलं नाही. “मॅडम, माल ऐसे बेचते हैं क्या? पहले बोलने का, बढिया है.”

“बढिया है के नहीं, वही तो देखना है, साईं,” मॅडम म्हणाल्या. त्याने कपाळाला हात लावला. मीही लावला.

यंदा मात्र अर्ज पहिल्या चाळणीतून पार झाला. कसा, देव जाणे. मॅडम मे महिन्यात रिटायर होणार, म्हणजे संधी ही शेवटचीच. मुलाखत कॉम्प्युटरवर होती, त्यांच्याच विभागात. मी कॅमेऱ्यात दिसणार नाही असा शेजारी बसलो, बाईंनी फार खरं बोलू नये म्हणून.

समितीचे अध्यक्ष सज्जन गृहस्थ. गुडघासुद्धा त्यांनी हसण्यावारी नेला. पण अर्जात मागितलेल्या सहाय्यकाच्या जागेशी येऊन थांबले.

“मॅडम, झाडं काही फार नाहीत. नोंदी तुम्ही एकट्याही कराल. सहाय्यक काढलात तर आजच मंजूर करू.”

मी जोरजोरात मान हलवायला लागलो. हो म्हणा, बाई, घोडं गंगेत न्हातंय.

मॅडम अर्जाची पानं चाळायला लागल्या. मला वाटलं, मुद्दे जुळवतायत. मग हळू आवाजात म्हणाल्या, “नोंदी मी एकटी करतेच आहे, सर. तिथेच बदलापूरला, शिरगावात, घरीही एकटीच असते, वेळ भरपूर आहे. पण एखादं झाड सगळ्यांच्या आधी फुललं, की ‘अरे, हे बघ’ म्हणायला शेजारी कुणी नसतं. म्हणून ती जागा मागितली. खोटं कशाला बोला?”

अध्यक्षांनी चष्मा काढून पुसला. पण नियमात हे कारण बसेना. शेवटी जांभळं मंजूर झाली, सहाय्यक नामंजूर.

मॅडमनी आभार मानले, कॉम्प्युटर बंद केला आणि तशाच बसून राहिल्या. इतक्या वर्षांची इच्छा पुरी झाली होती आणि चेहऱ्यावर आनंद म्हणून नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी विचारलं, “झाडं बघायला कधी जाता?”

“रविवारी. सकाळी सहाला.” मग माझ्याकडे नीट बघत म्हणाल्या, “पण सर, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही.”

“काहीच नाही.”

“मग या,” मॅडम म्हणाल्या. “सगळं पहिल्यापासून सांगता येईल.”